सर, आवाज येत नाहीये!

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. दहावीची बॅच १९९५.)



माईक नीट येतोय ना? मागच्या खुर्च्यांपर्यंत? ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा. बघा, एका क्षणात हात वर झाले आणि मला कळलं. हा एक क्षण ऑनलाइन वर्गात मिळत नाही. तो मिळवायला आम्ही काय काय केलं आणि त्यात मी कुठे चुकले, एवढंच सांगायला उभी आहे.

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘शिक्षण आणि तंत्रज्ञान’. तो मी परत केला. शिक्षणातलं मला काही कळत नाही. माझे भूमितीचे मार्क सरांना अजून पाठ आहेत, ते आत्ता हसतायत त्यावरून समजा. मी कराडला इंजिनिअरिंग केलं आणि वीसहून जास्त वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. अर्धी नोकरी रात्री अमेरिकेशी कॉलवर बोलण्यात गेली. त्यामुळे व्हिडिओ कॉल म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटायचं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या दहावीचा भूगोलाचा पेपर शेवटपर्यंत झालाच नाही, हे इथल्या काहींना चांगलं आठवत असेल, तुम्ही सुटलात. पण आपल्याकडे नुसता करोना नव्हता. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते तुम्हाला मी पुण्याहून येऊन काय सांगणार? पोफळी आडव्या झाल्या, हापूसची कलमं मुळासकट गेली, विजेचे खांब पडले. कितीतरी वाड्यांवर कित्येक आठवडे लाइट नव्हती. आणि त्याच जूनमध्ये ठरलं की आता शाळा मोबाइलवर भरवायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला गणिताच्या सरांचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता, कारण सर रेंजसाठी सड्यावर चढले होते. “अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? हे मीटिंगचं काय ते मला दाखव. दहावीची पोरं आहेत.” वीस-पंचवीस वर्षांत सरांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी म्हटलं, सर, दोन दिवसांत सुरू करू.

पहिला वर्ग कसा झाला ते सांगते. सरांनी घराच्या पडवीत फळा टांगला, समोर स्टुलावर मोबाइल ठेवला आणि आपल्या वर्गात उभे राहायचे तसे दहा फुटांवर उभे राहिले. मुलं आली तीसेक. त्यांतल्या सहा जणांचं नाव ‘रेडमी’ होतं, दोघांचं ‘ओप्पो’ आणि एकाचं ‘पप्पा नवीन’. एका घरात चुलत भावंडं दोन फोन घेऊन शेजारी बसली होती, त्यामुळे एकाच्या स्पीकरमधला आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये जाऊन शिट्ट्या सुरू झाल्या. कुठे कोंबड्या, कुठे टीव्ही. मी हुशारी केली. ‘सगळ्यांना म्यूट करा’ हे बटण दाबलं आणि कुणाला स्वतःहून माईक उघडता येऊ नये अशी सोयही केली. शांतता पसरली. मी समाधानाने कुकर बंद करायला गेले.

परत आले तर सर समरूप त्रिकोण शिकवत होते, हातवारे करून, फळ्यावर खडू आपटून. पण आवाज नव्हता. ‘सगळ्यांना’ यात मी सरांनाही म्यूट केलं होतं. जवळजवळ सात मिनिटं! चॅटमध्ये दोघांनी लिहिलं होतं, ‘सर आवाज येत नाहीये’, पण सर फळ्यापाशी, त्यांना चॅट दिसणार कशी? बाकीच्यांनी कुणी काही केलं नाही. सर शिकवत असताना मध्ये बोलायचं नाही, ही आपल्या शाळेची शिस्त त्यांनी मोबाइलवरही पाळली.

त्या दिवशी मी एक नियम केला, तो आजही आहे: शिकवणाऱ्याने वर्ग सांभाळायचा नाही. त्यासाठी दुसरं माणूस हवं. दार उघडणं, म्यूट करणं, चॅट वाचणं, ‘सर, आवाज गेला’ हे लगेच सांगणं त्या दुसऱ्याचं काम. आणि त्या दुसऱ्याने कुकर लावलेला नसावा.

मग आम्ही एकेक गोष्ट सुधारत गेलो. यातली थोडी आतली गंमत सांगते, कारण ती कळली की पुढचं सगळं सोपं जातं.

आपण यूट्यूबवर व्हिडिओ बघतो तेव्हा फोन पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवतो. पावसाळ्याआधी आपण सुकी मासळी, पापड, कडधान्यं भरून ठेवतो ना, तशी बेगमी. मध्ये रेंज गेली तरी साठ्यावर निभतं. पण समोरासमोरच्या कॉलला बेगमी करता येत नाही. सर आत्ता जे बोलतायत ते आधी साठवणार कसं? आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात, आणि एखादा तुकडा उशिरा पोचला तर फोन तो सरळ टाकून देतो, कारण पुढचं वाक्य आलेलं असतं. असे बरेच तुकडे गळले की सरांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

आता हिशोब बघा. नुसत्या आवाजाला सेकंदाला साधारण ८० किलोबिट लागतात. म्हणजे ४० मिनिटांच्या तासाला २४ एमबी. बऱ्यापैकी चित्र हवं असेल तर ६०० किलोबिट धरा. त्याच तासाला १८० एमबी. दिवसाला तीन तास, घरात दोन भावंडं, की झाले १,०८० एमबी. वडिलांच्या फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक. संध्याकाळी वडिलांना गिऱ्हाइकाला मासळीचा फोटो पाठवायचा असतो आणि नेट संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी फोन मुलाच्या हाती मिळत नाही. हा हिशोब मला पहिल्या दिवशी करता आला असता. मी इंजिनिअर आहे. मी केला नाही, कारण माझ्या घरी तो करावा लागत नाही.

म्हणून आधी आवाज, मग फळा आणि चेहरा सगळ्यात शेवटी. सरांना वायरचा साधा इअरफोन दिला; त्याचा माईक तोंडाजवळ राहतो, एवढ्यानेच अर्धा प्रश्न सुटला. टांगलेला फळा काढला, कारण त्यावर उजेड पडून अक्षरं पुसट दिसायची. त्याऐवजी स्वयंपाकघरातले दोन उंच स्टीलचे डबे, त्यांवर आडवी लाकडी पट्टी, पट्टीवर फोन पालथा, कॅमेरा खाली, आणि खाली पाठकोरा कागद. जाड स्केचपेनने लिहायचं, एका पानावर चार-पाच ओळी, बस. त्या दिवसांत हँगरला मोबाइल बांधून शिकवणाऱ्या शिक्षिकेचा फोटो सगळीकडे फिरला होता, तुम्ही पाहिला असेल. आमचे डबे त्याच कुळातले. सरांचं वायफाय माजघरात होतं आणि सर पडवीत. मधे चिऱ्याची जाड भिंत. सर माजघरात बसायला लागल्यावर गळती निम्म्यावर आली. काकूंची मात्र दुपारची झोप गेली.

वर्गाच्या सुरुवातीला सरांना पाढे हवे होते. आपल्याला आठवतंय ना, सगळ्या वर्गाने एका सुरात एकोणतीसचा पाढा म्हणायचा आणि कौलं हलायची! सर म्हणाले, माईक उघड सगळ्यांचे. मी उघडले. जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. कारण असं: आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला ०.१५ सेकंदांपर्यंत लागले तर बोलताना सहसा जाणवत नाही, आणि ०.४ च्या पलीकडे जाऊ देऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जुनी शिफारस आहे. ही झाली दोघांच्या बोलण्याची गोष्ट. एका ठेक्यात म्हणायचं तर याहून कितीतरी कमी उशीर हवा, आणि आमच्या सड्यावरच्या मुलांचा उशीर तर प्रत्येकाचा वेगळा. प्रत्येकाला वाटतं बाकीचे मागे पडलेत, मग तो थांबतो, मग सगळेच थांबतात. त्यात सॉफ्टवेअरला वाटतं हा गोंगाट आहे, ते आवाज दाबायला लागतं. तीस मुलांचा पाढा यंत्राच्या हिशोबी गोंगाट! सर बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “म्हणजे एकत्र काही म्हणताच येणार नाही?” मी म्हटलं, “नाही सर. ते जमणार नाही.” ते आजही जमत नाही.

याच उशिरामुळे आणखी एक गोष्ट होत होती, ती कळायला मला दोन आठवडे लागले. सर प्रश्न विचारायचे, दोन सेकंद थांबायचे आणि स्वतःच उत्तर सांगायचे. त्यांना वाटायचं पोरं मठ्ठ झालीत. मी एकदा मुलाच्या बाजूने घड्याळ लावून पाहिलं. प्रश्न पोचतो उशिरा, मग विचार, मग माईकचं बटण शोधायचं, ते पहिल्या दाबात लागत नाही, मग आवाज परत जातो. आठ-दहा सेकंद सहज जातात. सरांना सांगितलं, मनात दहापर्यंत मोजा. सर म्हणाले, दहा अंक काय मोजायचे, मी सतराचा पाढा म्हणतो. तेव्हापासून प्रश्नानंतर सर मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणतात. साधारण ‘सतरा आठे’पर्यंत कुणीतरी बोलतंच.

हे सगळं जमत होतं आणि मला माझं कौतुक वाटायला लागलं होतं. आता चुकीचं सांगते.

आमच्या कंपनीत तेव्हा पद्धत होती, महत्त्वाच्या मीटिंगला कॅमेरा सुरू ठेवायचा. मी तोच नियम वर्गाला लावला. वर सांगितलेला हिशोब मी तेव्हा केला नव्हता, पण मुद्दा तेवढाच नाही. सर म्हणाले होते, “कशाला पाहिजे?” मी म्हटलं, “सर, त्याशिवाय पोरं आहेत की फोन ठेवून खेळायला गेलीत ते कळणार कसं?” कॅमेरा बंद तर गैरहजर. एक्सेलची सुंदर शीट केली, हिरवे-लाल रंग भरले.

त्या वर्गात एक मुलगी होती, गणितात पहिल्या तिघांतली. ती रोज यायची आणि आठ-दहा मिनिटांत बाहेर पडायची. मी निदान केलं: रेंज. तिला फोन केला, दुसरं सिम घे म्हटलं, खिडकीत बस म्हटलं, फोन एकदा बंद करून सुरू कर म्हटलं. ती दर वेळी म्हणायची, “हो ताई.” गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती यायची बंद झाली. माझ्या शीटमध्ये सलग लाल.

गणपती झाल्यावर सर मास्क लावून चालत तिच्या वाडीवर गेले. रात्री त्यांचा फोन आला. “रेंज चांगली आहे तिच्याकडे. चारही काड्या आहेत,” सर म्हणाले. मग थोडं थांबून पुढचं सांगितलं. वादळात त्यांच्या घराचं छप्पर गेलं होतं. अर्ध्या घरावर निळी ताडपत्री होती. आजी, आई, धाकटा भाऊ, भांडी, भाताची कणगी, सगळं एका कोरड्या खोलीत. तिथेच बसून ती वर्गाला यायची. एके दिवशी तिच्या मागची ताडपत्री आणि आजी दिसत असताना वर्गातल्या कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढला आणि मुलांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसण्याची चित्रं. त्यानंतर ती कॅमेरा लावायची, हजेरी लागेपर्यंत बसायची आणि निघून जायची. मी तिला सिम बदलायला सांगत होते.

सर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ती तुझी फाइल आहे ना हजेरीची, ती पुसून टाक.”

त्याच रात्री पुसली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की आजपासून सगळ्यांचे कॅमेरे बंद, माझाही. फोटोबद्दल सर वर्गाशी बोलले, ते काय बोलले ते त्या वर्गाचं आहे. मी तिला फोन केला. चूक झाली म्हणाले. ती म्हणाली, “हो ताई.” ती आली तीन आठवड्यांनी.

पुढच्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लावायचं सूत्र आलं: ५० गुण नववीचे, ३० दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिक-अंतर्गतचे. ते वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जे मूल त्या वर्षी वर्गातून बाहेर पडलं त्याला पेपर लिहून दाखवून देण्याची संधीही उरली नाही. माझे हिरवे-लाल रंग कुणाच्या तरी मार्कांपर्यंत पोचले असते. पोचले नाहीत ते सरांमुळे.

ही गोष्ट मी तिच्या परवानगीने सांगते आहे. भाषण आधी तिला वाचायला पाठवलं होतं. तिने एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलंय.

आता हजेरी आम्ही वेगळी घेतो. वर्गाच्या मध्ये एक छोटं गणित द्यायचं आणि उत्तराचा फक्त आकडा चॅटमध्ये पाठवायचा, तोही फक्त सांभाळणाऱ्याला दिसेल असा. चुकलं तर इतरांना कळत नाही. कोण जागं आहे, कोण कुठे अडलंय, सगळं त्या आकड्यांत दिसतं, चेहऱ्यात कधी दिसलं नव्हतं. दोन-तीन आकडे सारखेच चुकले की सर पान मागे उलटतात. आम्ही वापरतो ते फुकटचं झूम ४० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. त्याचा मला आधी राग यायचा, आता वाटतं बरं आहे, आपली तासिकाही तेवढीच असायची आणि घंटा झाल्यावर सर थोडेच थांबायचे? (थांबायचे. माहीत आहे.) वर्ग संपला की कागदांचे फोटो आणि सरांच्या आवाजातला दहा मिनिटांचा सारांश ग्रुपवर जातो. तो काही एमबींचाच असतो. ज्याला फोन रात्री मिळतो त्याच्यासाठी तो तोच वर्ग.

शाळा उघडल्या तेव्हा वाटलं हे संपेल. पण सर निवृत्त झाल्यावर रविवारी मुलांनीच लिंक मागितली. आज आपले चार माजी विद्यार्थी पाळीपाळीने शिकवतात, एक जण तर मस्कतहून. नववीला इंग्रजी आणि विज्ञानाला माणसं हवी आहेत, म्हणून ही सगळी प्रस्तावना.

येणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. शिकवताना आपलाच एक जुना फोन, वायफायवर नाही तर मोबाइल डेटावर, त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून जोडून शेजारच्या खोलीत ठेवा, आवाज बंद करून. मुलांना काय दिसतंय ते अधूनमधून जाऊन बघा. आपल्या लॅपटॉपवर सगळं नेहमीच छान दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नका. राउटरला छोटा बॅकअप घ्या. नसेल तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, मुलांच्या लाइटचा विचार करतो आपण, जाते मात्र पुण्याची. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नका. ‘हो सर’ येतं, बाकी काही येत नाही. काहीतरी सोडवायला द्या आणि सतराचा पाढा म्हणा.

शनिवारी रात्री नऊला नव्यांची तालीम असते, लिंक ग्रुपवर टाकते. पहिल्यांदा येताना घरातून नको, बाहेर कुठे कमी रेंज असेल तिथे उभं राहून या. नावं सरबताच्या टेबलापाशी वहीत लिहा. वही कागदाची आहे, पेन बांधून ठेवलंय.